तिसऱ्या तारेची झणझण

सोमवार, ता. ३

दुपारी चारला पोहोचले. स्टेशनवर चिरंजीव स्वतः आले होते. वर्षभरात थोडे वाळले आहेत, परंतु विनोदबुद्धी शाबूत आहे. माझी हत्यारांची पेटी उचलताना म्हणाले की, आई, घरजावयाच्या आईने ओझे आणू नये, सासुरवाडीवर एक ओझे आधीच येऊन पडलेले असते. मला हसू आले. माणूस स्वतःवर विनोद करू शकतो तोवर त्याची काळजी करू नये, असे माझे मत आहे.

घर फार आवडले. उताराच्या रस्त्यावरचे हे शेवटचे घर. भिंती जाड दगडी, त्यामुळे आत गारवा आणि शांतता. माझी खोली वरच्या मजल्यावर असून पूर्वेला खिडकी आहे, टेबल भक्कम आहे. खाली संगीताची खोली. तेथे उजेडात माझ्यासाठी बाक मांडून त्यावर जाड मऊ कापड अंथरले होते; ही काळजी सूनबाईंनी घेतली. त्याच खोलीत पेल्यांचे काचेचे कपाट, लंबकाचे घड्याळ, पिंजऱ्यात एक पिवळा पक्षी आणि मागच्या भिंतीत कोठीचे बुटके दार. अशा खोलीत काम करायला मिळणे हे भाग्यच.

येण्याचे प्रयोजन लिहून ठेवते. व्याही रेझोनेटर गिटार वाजवतात. या वाद्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा पातळ शंकू असतो. त्याच्या टोकावर लाकडी चकती, चकतीत तारा पेलणारी घोडी. तारेचा कंप घोडीतून शंकूत उतरतो आणि शंकू त्याचा मोठा आवाज करतो. वर जाळीचे झाकण. वर्षभरापूर्वी या गिटारीची तिसरी तार झणझणू लागली. वर्षभरापूर्वीच चिरंजीव घरजावई म्हणून येथे राहायला आले. या दोन विधानांच्या मध्ये ‘म्हणून’ हा शब्द विहीणबाईंनी घातला आहे. तो काढून टाकणे हे माझे काम. वीस तारखेला व्याह्यांचा बऱ्याच काळाने जाहीर कार्यक्रम आहे. तोवर तार स्वच्छ झाली नाही, तर माझ्या मुलाला या घरात कोणी सुखाने जगू देणार नाही.

पस्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, आणि पतीच्या दुकानात जवळजवळ तितकीच वर्षे वाद्ये उघडली आणि मिटली. सतरा दिवस पुरेसे आहेत.

मंगळवार, ता. ४

दोष आधी ऐकला, मग हात लावला. व्याही समोर बसून वाजवत होते. बोटे उत्तम, स्वभाव कोरडा. तिसरी तार मोकळी छेडली तरी झणझणते आणि मानेवरच्या कोणत्याही पडद्यावर दाबून छेडली तरी झणझणते. हे महत्त्वाचे आहे. तार फक्त मोकळी असताना झणझणली असती, तर मानेच्या टोकाशी जी खाचांची पट्टी असते, जिला नट म्हणतात, तिची खाच खोल गेली असे म्हणता आले असते. एखाद्याच पडद्यावर दाबून झणझणली असती, तर त्यापुढचा पडदा उंच. येथे दोन्ही नाही.

पहिला आणि शेवटचा पडदा दाबून मानेचा बाक पाहिला: मध्ये पत्त्याच्या जाडीइतकी फट, म्हणजे हवी तितकीच. खुंट्यांच्या चकत्या घट्ट. घोडीच्या मागे उरणाऱ्या तारांमध्ये नमद्याचा तुकडा खोचून पाहिला. फरक नाही.

जेवताना विहीणबाईंनी विचारले की, तर्कबाई, सापडला का चोर? त्यांना उत्तर म्हणून मी माझी पद्धत सर्वांना समजावून सांगितली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग ऐकायचे, मग लिहायचे. जी गोष्ट काढल्यावर दोष थांबतो आणि परत आणल्यावर परततो, ती दोषाचे कारण. तोवर कोणावरही बोट दाखवायचे नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर कावळ्याला गुन्हेगार ठरवत नाहीत. यावर विहीणबाई शांतपणे म्हणाल्या की, तुमचा कावळा वर्षभर फांदीवरच बसून आहे. चिरंजीव मोठ्याने हसले. ते एकटेच हसले.

व्याह्यांनी मात्र मला तो नियम पुन्हा सांगायला लावला, आणि शब्दशः पाठ केल्यासारखा स्वतः एकदा म्हणून पाहिला.

गुरुवार, ता. ६

तारा सैल करून झाकण उघडले. शंकूची कड लाकडी कंगोऱ्यावर नुसती टेकलेली असते. तारांचा दाब तिला जागेवर धरतो. कंगोऱ्यावर वाळूचा एक कण जरी असला तरी शंकू कुरकुरतो. ब्रशने सर्व स्वच्छ केले, शंकू सपाट काचेवर ठेवून पाहिला. निर्दोष. चकतीचा स्क्रू अर्धा वेढा सैल होता, तो आवळला. घोडीची तिसरी खाच किंचित रुंद वाटली, म्हणून नवी घोडी कापली. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, जेमतेम आवळले.

तार झणझणते.

आमच्या धंद्यात रिवाज आहे की, वाद्य उघडणाऱ्याने आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख आणि केलेले काम लिहावे. आत एकच नोंद आढळली, अकरा वर्षांपूर्वीची, सुबक अक्षरात: ‘तिसरी तार झणझणते. सर्व तपासले. वाद्यात दोष नाही.’ त्याखाली नऊ दिवसांनंतरची तारीख, आणि ‘घरातले एक माणूस कमी झाले. सूर स्वच्छ.’

हा कारागीर कामात चोख पण विचारात ढिसाळ असावा. योगायोग आणि कारण यांतला भेद त्याला कळला नाही. अकरा वर्षांपूर्वी या घरातून सूनबाईंचा पहिला नवरा कोणाला न सांगता निघून गेला होता. सोयरीक जुळवताना आम्हाला तसे सांगितले होते. मी नोंद कोणाला दाखवली नाही. माझी नोंद मात्र खाली लिहिली: ‘वाद्यात दोष नाही.’

शनिवार, ता. ८

वाद्यात दोष नसेल, तर तो खोलीत असला पाहिजे. एखादा सूर लागला की खोलीतली सैल वस्तू त्याच सुरात थरथरते, आणि कान तिचा आवाज वाद्याच्या माथी मारतो. हे दाखवायला मी कपाटातला एक पेला टेबलावर ठेवून तार छेडली, पेला कुणकुणला. विहीणबाईंचा चेहरा उजळला. वर्षात प्रथमच कोणीतरी शहाण्यासारखे बोलले, असे त्या म्हणाल्या. मला समाधान वाटले. चिरंजीव आणि तार यांच्यातला ‘म्हणून’ आता पेल्यांकडे सरकला, असे मी मानले.

सोमवार, ता. १०

माझा नियम या घराने माझ्यापेक्षा कडकपणे अमलात आणला आहे. काल पेले गेले. तार झणझणली. मग घड्याळ गेले. मग त्या खोलीच्या खिडक्यांची तावदाने काढली, आणि आज गवंडी बोलावून दोन्ही खिडक्या विटांनी बुजवल्या. उरलेल्या विटा आणि सिमेंट मागच्या अंगणात आहे. मी म्हणाले की, तावदानांच्या कडांना कागद चिकटवला असता तरी भागले असते. व्याही म्हणाले की, आपणच काढायला सांगितलेत, बाई, चिकटवायला नाही.

दुपारी पिंजरा रिकामा होता. विहीणबाई म्हणाल्या की, एका वेळी एकच, नियमाप्रमाणे. पक्षी सोडला का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या की, काढला. मागे कचऱ्याच्या डब्यात पिवळी पिसे होती. सूनबाई पिंजरा धूत होत्या. इतक्या मन लावून, की मी शेजारी उभी आहे हे त्यांना कळले नाही, किंवा कळूनही कळू दिले नाही.

तार झणझणते.

बुधवार, ता. १२

सकाळी अकराला चिरंजीव बाजारात गेले. ते फाटकाबाहेर पडले त्या क्षणी मी तार जुळवत होते.

झणझण थांबली. मोकळी, तिसरा पडदा, पाचवा, बारावा. सर्वत्र शुद्ध, गोल, लांब सूर. इतका सुंदर सूर या वाद्यात आहे हे मला माहीत नव्हते.

बारा वाजून पाच मिनिटांनी ते परतले. तार झणझणली.

हे एकच निरीक्षण आहे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. तरीही निरीक्षण लिहिलेच पाहिजे, म्हणून लिहिले.

गुरुवार, ता. १३

चिरंजिवांना काहीबाही निमित्ते सांगून चार वेळा बाहेर पाठवले, चार वेळा बोलावले. चारही वेळा तेच. मग ते बसले असताना मी वाद्य घेऊन जवळ-दूर फिरले. ते शेजारी असताना झणझण मोठी. दहा पावलांवर मध्यम. वीस पावलांपलीकडे ती नाहीशी होते. मध्ये भिंत आली तर आणखी बारीक. त्यांच्या खिशातल्या किल्ल्या, पट्टा, चष्मा, सर्व काढायला लावले. फरक नाही. ते म्हणाले की, आई, आता कातडे तेवढे राहिले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. वीस वर्षांत लावला नव्हता.

कारण माहीत नाही. संबंध मात्र सिद्ध आहे. हे वाक्य लिहिताना मला थंडी वाजते आहे, आणि येथे थंडी नाही.

शुक्रवार, ता. १४

माझी रोजनिशी कोणीतरी वाचते. बारा आणि तेरा तारखेच्या नोंदींच्या समासात पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या आहेत. परीक्षक करतो तशा, नीट, एकसारख्या.

दुपारी समोरच्या घड्याळजींकडे गेले, निव्वळ घराबाहेर पडावे म्हणून. मी कोणाकडे उतरले हे कळल्यावर त्यांनी खणातून एक मनगटी घड्याळ काढले. सूनबाईंच्या पहिल्या नवऱ्याचे. अकरा वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकले, संध्याकाळी नेतो म्हणाला. घड्याळजी म्हणाले की, बाई, पळून जाणारा माणूस घड्याळ दुरुस्तीला टाकून पळतो का, हे तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा.



शनिवार, ता. १५

आज चिरंजीव घरात नसतानाही तार झणझणली. दोनदा. सबब मागील निष्कर्ष रद्द समजावा. दोष वाद्यातच आहे.

रविवार, ता. १६ (येथून पुढे सुट्या कागदांवर. हे अंगावर ठेवते.)

कालची नोंद खोटी आहे. आयुष्यात लिहिलेले माझे पहिले खोटे विधान. ते त्यांनी वाचावे म्हणून लिहिले.

आज सकाळी त्या नोंदीसमोर फुली होती. आणि त्याखाली व्याह्यांच्या हस्ताक्षरात: ‘आम्हीही ऐकत होतो.’

मग मी दुसरे पाप केले. पात्यासारखी पातळ कानस घेऊन नटची तिसरी खाच खोल केली, इतकी की मोकळी तार पहिल्या पडद्यावर जवळजवळ टेकली. आता मोकळी तार कोणीही छेडली, घरात कोठेही छेडली, तरी झणझणायलाच हवी. मुलगा घरात असो वा नसो. पतीने हे पाहिले असते तर माझ्या हातातली कानस काढून घेतली असती.

दुपारी त्याला एकटे गाठले. म्हणाले की, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, सामान राहू दे. तो म्हणाला की, कार्यक्रम चार दिवसांवर आला, आता गेलो तर तुझी विहीण म्हणेल पाहा पळाला, आणि तार स्वच्छ झाली. मग तू इतके दिवस काय सिद्ध केलेस? वीस तारीख होऊ दे, एकवीसला तू म्हणशील तिकडे येतो.

मी त्याला ओढून न्यायला हवे होते. त्याचा युक्तिवाद मला पटला.

सोमवार, ता. १७

मुलाचे डोके दुखते आहे. सूनबाईंनी त्याला गोळी दिली. कसली, असे मी विचारले. विहीणबाई मध्येच म्हणाल्या की, लेकाला काय विष देतोय का, तर्कबाई, झोपू द्या की त्याला जरा.

तीनदा डोकावले. श्वास चालू. गाढ झोप. चौथ्यांदा गेले तेव्हा दाराला आतून कडी होती. आतून विहीणबाईंचा आवाज, त्याचे पाय चेपते आहे म्हणून.

मागच्या अंगणात कोणीतरी सिमेंट कालवत होते. मी वरून पाहिले. व्याही. एकटे. बाह्या वर सारून.

खिडकीचे राहिलेले काम असेल, असे मी मनाशी म्हणाले. म्हणाले.

मंगळवार, ता. १८

त्याची खाट रिकामी. चादर धुऊन दोरीवर. बूट दाराशी. दोन्ही बूट.

कोठे गेला? सकाळीच गेला, न सांगता. विहीणबाई हसून म्हणाल्या की, आमच्या जावयांना वाईट खोडच आहे. सूनबाई पाणी भरत होत्या. भांडे भरून वाहत होते.

रस्त्यावर जाऊ म्हटले. दाराला कुलूप. कार्यक्रमापर्यंत गडबड नको, असे व्याही म्हणाले. संगीताच्या खोलीलाही कुलूप. आता खोली कशाला लागते, म्हणाले, आता कोठेही वाजेल.

आणि पुढच्या दिवाणखान्यात बसून वाजवले. मोकळी तिसरी तार. मी पाहिले, डोळ्यांनी पाहिले, तार पहिल्या पडद्यावर टेकली होती. ती वाजूच शकत नाही. शुद्ध वाजली.

सगळ्यांनी माझे आभार मानले. या घरात प्रथमच कोणी मला वाढताना आग्रह केला.

मी मुलाला वाद जिंकण्यासाठी येथे थांबू दिले. दुसरे कारण नाही. काढून पाहावे असे दुसरे काही उरलेलेच नाही.

बुधवार, ता. १९

सकाळी दहा. तिघे सभागृह पाहायला निघाले. गिटार घरातच, उन्हातून नेत नाहीत. बाहेरून कुलूप.

सूनबाईंनी जाताना चहा ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही. बशीखाली किल्ली.

तेरा तारखेचे मोजमाप. माझेच. जवळ तर मोठी. लांब तर बारीक. भिंत तर आणखी बारीक. मग वाद्य घेऊन फिरायचे, ऐकायचे —

नटची खाच मीच बिघडवली आहे. म्हणून मोकळी तार पुरावा नव्हे. पाचव्या पडद्यावर दाबून छेडते.

माझी खोली — स्वच्छ. जिना — स्वच्छ. स्वयंपाकघर — स्वच्छ.

संगीताची खोली. किल्ली लागली. दारातच —

झणझण.

बारीक. पण आहे. आहे!

मागची भिंत. येथे कोठीचे दार होते. आता विटा. सांधे ओले, काळपट.

हाका मारल्या. कान लावला. काही नाही. तार छेडली. झणझणली. म्हणजे तो आहे. आत आहे. जिवंत आहे — हे गृहीत आहे, सिद्ध नाही — असू दे, गृहीतच असू दे.

अकरा वाजत आले. कानशींनी सांधे उकरते. एक मोडली. लिहिले नाही तर क्रम चुकतो. एक वीट हलते.

छेडली. आहे. मघापेक्षा बारीक.

वीट निघाली. मागे दुसरी रांग. स्क्रूड्रायव्हर पुरत नाही. नखे

छेडली. बारीक. अंतर तेच. भिंत तीच, उलट पातळ झालेली. मी त्याच जागी. मग मोठी व्हायला हवी. मग का बारीक —

नाही. लिहिणार नाही ते.

दुसऱ्या रांगेत बोट जाईल एवढे भोक. आत अंधार. गार हवा. बाळा म्हणून हाक मारली. चाळीस वर्षांत कधी म्हटले नव्हते —

छेडली. आहे. तसूभर.

फाटक वाजले. विहीणबाई हसत येताहेत. कुलपात किल्ली.

झणझणू दे. आयुष्यभर झणझणू दे, मी कधी दुरुस्त करणार ना

पाचवा पडदा. तिसरी तार.

स्वच्छ.

नाही. बोट नीट दाबले गेले नसेल. बोटाला रक्त आहे, घसरले असेल. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत. पुन्हा छेडते आणि मग लिहि —